रोगाचें नांव

आपल्या घरांतून कांहीं गोष्टींचीं नांवें न घेण्याची रीत फार जुनी आहे. दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणावयाचें नाहीं, 'जनावर' म्हणावयाचें. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणावयाची. अंगावर फोड उठले, तर रोगाचें नांव टाकून 'देवी आल्या' म्हणत त्या रोगालाच हात जोडावयाचे. या रीतीच्या मुळाशीं भीति असते, तशी थोडी मायाहि असते. परंतु या दोहोंच्या पोटीं कधीं कधीं मोठा घोटाळा जन्मास येतो, आणि तो आजारपणांत विशेष जाणवतो. कर्करोगाच्या बाबतींत आजहि पुष्कळ घरांत 'तसलें कांहीं नाहीं ना?' एवढाच प्रश्न विचारला जातो. आणि 'तसलें' निघालें, कीं पुढचा प्रश्न विचारण्याचें त्राण कोणास उरत नाहीं. वस्तुतः खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. 'तसलें' म्हणजे नेमकें कसलें? कर्करोग हें एका रोगाचें नांव नव्हे. शंभरांहून अधिक निरनिराळ्या रोगांचें तें आडनांव आहे. पुण्यांत येऊन 'जोशी कोठें राहतात?' असें विचारणाऱ्या पाहुण्यास जितका पत्ता लागेल, तितकाच पत्ता नुसत्या 'कॅन्सर' या शब्दावरून वैद्यास लागतो.

आडनांवापाशीं न थांबतां शास्त्र पूर्ण नांवाचा शोध कसा घेतें, हें जाणण्याचा प्रसंग आमच्या एकत्र कुटुंबावर २०१८ सालीं आला. आमच्या थोरल्या वहिनींच्या मानेस डाव्या बाजूला सुपारीएवढी गांठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनीं ती चातुर्मासभर पदराआड ठेविली. दिवाळी होईपर्यंत ती आवळ्याएवढी झाली, तेव्हां कोठें गोष्ट घरांत फुटली. शल्यवैद्यांनीं गांठ काढून तपासणीस पाठविली, आणि पांचव्या दिवशीं रिपोर्ट आला. त्याचा मथितार्थ असा, कीं गांठ दुर्धर आहे, तिच्यांतील पेशी मोठ्या व अविकसित आहेत, त्या मूळच्या कोणत्या जातीच्या, तें नुसत्या पाहण्यावरून सांगतां येत नाहीं, सबब आय. एच. सी. ही पुढील तपासणी करावी. तिला आणखी आठ दिवस लागणार होते.

घरांत बैठक बसली. आमचे एक मामा, ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान आहे, ते म्हणाले, "नांव कळून काय व्हायचं आहे? कॅन्सर तो कॅन्सर. आठ दिवस हातावर हात ठेवून बसण्यापेक्षां उद्यांच औषध सुरू करा." दादांचें म्हणणें एवढेंच, कीं हिला यांतलें अक्षरहि कळतां कामा नये. पुतण्यानें मोबाइलवर शोधून जें वाचून दाखविलें, त्यानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं. अखेरीस रिपोर्ट घेऊन आम्ही प्रयोगशाळेंतील पॅथॉलॉजिस्ट बाईंस भेटावयास गेलों. त्यांनीं अर्धा तास खर्चून आम्हांस जें दाखविलें व समजावून दिलें, आणि पुढें आम्हीं जिज्ञासेनें जें वाचून काढलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहों. असा प्रसंग कोणावर न येवो. पण आलाच, तर ही माहिती उपयोगीं पडेल.

शरीरांतून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मलीनमध्यें मुरवितात, मग मेणांत बसवितात. या मेणाच्या वडीस 'ब्लॉक' म्हणतात. तिचे तीन ते पांच मायक्रॉन जाडीचे काप काढावयाचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा काप कांचेवर चढविला, कीं तो जवळजवळ पारदर्शक असतो. म्हणून त्यास रंग द्यावा लागतो. नेहमींचे रंग दोन. हिमॅटॉक्सिलीन हा मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लाकडापासून निघतो व पेशीचें केंद्र निळेंजांभळें करतो. इओसीन हा कृत्रिम रंग बाकीचा भाग गुलाबी करतो. शंभराहून अधिक वर्षें जगांतील विकृतिशास्त्र या दोन रंगांवर चालत आलें आहे, आणि आजहि पहिली पाहणी यांचीच असते. पुष्कळदां तेवढ्यानें भागतें. ग्रंथींपासून निघालेलें अर्बुद वेडेंवांकडें कां होईना, ग्रंथींसारखीं वेटोळीं करतें. त्वचेच्या जातीचें अर्बुद त्वचेसारखे थर रचतें. मूल घराण्याच्या वळणावर गेलें असलें, कीं कुळ विचारावें लागत नाहीं. परंतु कांहीं अर्बुदांतील पेशी हें वळणच हरवून बसतात.

बाईंनीं आम्हांस सूक्ष्मदर्शकांतून पाहावयास सांगितलें. आम्हांस दिसला तो जांभळ्या ठिपक्यांचा दाट समुदाय. न वेटोळें, न थर. "मलासुद्धां याहून फारसं जास्त दिसत नाहीं," बाई म्हणाल्या. "आपल्याला अवधाण येतं ना, त्याच जातीच्या ग्रंथींतली ही गांठ आहे. त्या ग्रंथींतल्याच पेशी बिघडल्या असतील, किंवा दुसरीकडच्या बिघडलेल्या पेशी येऊन इथं उतरल्या असतील. दिसायला दोन्ही सारख्या. औषधं मात्र अगदीं वेगळीं."

रूप गेलें तरी सर्वस्व जात नाहीं. प्रत्येक जातीची पेशी आपल्या कामापुरतीं कांहीं विशिष्ट प्रथिनें बनवीत असते, आणि बिघडल्यावरहि त्यांपैकीं कांहीं ती बनवीतच राहते. तीं प्रथिनें हुडकून काढलीं, तर तिचें मूळ उघड होतें. हुडकण्याचें साधन शरीरानेंच पुरविलें आहे. १८९० सालीं बर्लिन येथें एमिल फॉन बेहरिंग व शिबासाबुरो किटासाटो यांनीं दाखवून दिलें, कीं धनुर्वात व घटसर्प यांच्या विषास तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत त्या त्या विषाला निष्प्रभ करणारें द्रव्य उत्पन्न होतें. हेंच प्रतिपिंड. त्याचा मोठा गुण म्हणजे निवड. ज्या पदार्थासाठीं तें तयार झालें त्यालाच तें बिलगतें, कुलुपाला त्याचीच किल्ली बसावी तसें. अडचण एवढीच, कीं बिलगलेलें प्रतिपिंड डोळ्यांस दिसत नाहीं.

ही अडचण अल्बर्ट कून्स या अमेरिकन वैद्यानें दूर केली. प्रतिपिंडालाच रंग बांधून पाठविलें, तर तें कोठें जाऊन बसतें हें दिसेल, ही कल्पना १९३९ च्या उन्हाळ्यांत बर्लिनमध्यें असतांना त्याच्या मनांत आली. बोस्टनला परतल्यावर रसायनशास्त्रज्ञांच्या साह्यानें त्यानें ती हार्वर्ड येथें सिद्धीस नेली. प्रथम निवडलेला रंग निळा चमके. पण शरीराच्या कापांतहि स्वाभाविक निळसर चमक असते, म्हणून पुढें हिरवा चमकणारा फ्लुओरेसीन घेतला. १९४१ व १९४२ या दोन सालीं हे निबंध प्रसिद्ध झाले. योगायोग असा, कीं त्याच १९४१ सालीं, २८ फेब्रुवारी रोजीं, मुंबईंत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या खानोलकरांच्या हातीं त्या काळीं मुख्यत्वें तेच दोन जुने रंग होते. कून्स आणि खानोलकर दोघेहि १९७८ सालीं वारले. तोंपर्यंत नव्या विद्येचा पाया घातला गेला होता. ती रोजच्या रुग्णसेवेंत मात्र उतरावयाची होती.

मधले टप्पे थोडक्यांत सांगतों. चमकणारे रंग अंधारांत पाहावे लागत, आणि ते लवकर विटत. १९६६ च्या सुमारास नाकाने व पियर्स यांनीं रंगाऐवजीं प्रतिपिंडास एक एन्झाइम बांधलें. हें एन्झाइम मोहरीच्या कुळांतील हॉर्सरॅडिश नांवाच्या झणझणीत मुळापासून निघतें. त्यास योग्य रसायन पाजलें, कीं त्या जागीं पक्का तपकिरी रंग उमटतो व साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसतो. १९७४ सालीं ऑक्सफर्ड येथील क्लाइव्ह टेलर व त्यांचे सहकारी यांनीं ही युक्ति नेहमींच्या फॉर्मलीन-मेणाच्या कापांवरहि चालते असें दाखविलें. पुढच्याच वर्षीं केंब्रिज येथें जॉर्ज कोहलर व सेझार मिलस्टाइन यांनीं एकाच जातीचें शुद्ध प्रतिपिंड हवें तितकें बनविण्याचा मार्ग काढला. त्यांनीं प्रतिपिंड बनविणारी उंदराची पेशी आणि उंदराच्याच एका कर्करोगाची पेशी यांचा संयोग केला. एकीनें विद्या दिली, दुसरीनें अखंड वाढण्याची शक्ति. कांट्यानें कांटा काढण्याचें याहून चांगलें उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं. १९८४ सालीं त्या दोघांस, नील्स येर्ने यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळालें. एक विघ्न उरलें होतें. फॉर्मलीनमुळें प्रथिनें जखडून जातात आणि प्रतिपिंडास जागा सांपडत नाहीं. १९९१ सालीं शी व त्यांचे सहकारी यांनीं असे काप द्रावणांत बुडवून मायक्रोवेव्ह भट्टींत तापविले. जखडलेलीं प्रथिनें मोकळीं झालीं. ज्या पेटींत आपण रात्रींचा भात ऊन करतों, तिनें विकृतिशास्त्राचें एवढें मोठें काम केलें. या साऱ्या विद्येचें नांव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, आय. एच. सी. तें हेंच.

आतां परीक्षा कशी चालते तें पाहूं. एकाच ब्लॉकचे पांचसहा काप निरनिराळ्या कांचांवर घेतात, व प्रत्येकावर निराळें प्रतिपिंड घालतात. सोयरीक जुळवितांना जसें आडनांवावर न थांबतां गोत्र, प्रवर, आजोळ सारें विचारतात, तशीच ही चौकशी. केराटिन हें शरीराच्या अस्तराचें व ग्रंथींचें प्रथिन. तें तपकिरी उमटलें, तर अर्बुद कार्सिनोमा या वर्गांतलें असण्याचा संभव मोठा. सीडी ४५ हें रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या कुळाचें लक्षण. एस १०० व मेलान-ए हीं मेलानोमाकडे, म्हणजे रंगद्रव्य करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाकडे, बोट दाखवितात. मग त्या अर्बुदांत काळा रंग औषधालाहि नसो. डेस्मिन स्नायूंकडे नेतें. थायरॉइड व फुप्फुस यांच्या पुष्कळ अर्बुदांत टीटीएफ-१ हें प्रथिन पेशीच्या केंद्रांत सांपडतें. त्यावरून गांठ मानेंत असली तरी तिचें मूळ कोठें शोधावयाचें तें कळतें. कुळ ठरलें, कीं शाखा विचारावयाची. पांढऱ्या पेशींत सीडी २० हें बी जातीचें चिन्ह, सीडी ३ हें टी जातीचें.

या चौकशींत 'नाहीं' या उत्तराचें मोल 'होय' इतकेंच असतें. पण तें 'नाहीं' खरें, कीं रंगच नीट चढला नाहीं? ही खात्री करण्यासाठीं ओळखीचा एक तुकडा, उदाहरणार्थ टॉन्सिलचा, बरोबर ठेवून त्यालाहि तोच रंग देतात. ओळखीच्याला चढला आणि अनोळखीला चढला नाहीं, तरच तें 'नाहीं' ग्राह्य. शिवाय कोणत्याहि एका साक्षीवर निकाल देतां येत नाहीं. केराटिन कांहीं सार्कोमांतहि उमटतें. एस १०० मज्जातंतूंच्या अर्बुदांतहि सांपडतें. म्हणून साक्षी अनेक घ्यावयाच्या, त्या एकमेकींशीं जुळवावयाच्या, आणि मूळच्या जांभळ्या-गुलाबी चित्राशीं ताडून पाहावयाच्या. रंग यंत्रानें चढवितां येतो. निवाडा मात्र जाणत्या डोळ्यांसच करावा लागतो. आठ दिवस लागतात ते यासाठीं.

आम्ही घरीं परतलों तेव्हां वहिनी मोरावळ्यासाठीं आवळे टोचीत बसल्या होत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे माडीवर बसून बोलतां, आणि मी आलें कीं क्रिकेटच्या गोष्टी काढतां. मान माझी आहे ना? मग त्या बाईंनीं काय सांगितलं, तें मला आधीं कळायला हवं." दादा दारांतच उभे होते. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग वहिनींसमोर पाट ओढून बसले आणि त्यांनींच सारें सांगितलें: कॅन्सर आहे हें, आणि कोणता तें अद्याप कळलेलें नाहीं हेंहि. वहिनींचा हात थांबला होता, तो थोड्या वेळानें पुन्हां चालूं लागला. "म्हणजे अजून चौकशी चालली आहे," त्या म्हणाल्या. "चालूं दे. अर्धवट चौकशीवर मी औषध घेणार नाहीं." मामांच्या घाईला याहून चोख उत्तर आमच्यांत कोणाला देतां आलें नसतें.

नवव्या दिवशीं उत्तर आलें. केराटिन नाहीं, एस १०० नाहीं, सीडी ४५ होय, बिघडलेल्या पेशींत सीडी ३ नाहीं, सीडी २० होय. बाईंनीं ती शेवटची कांच आम्हांस मुद्दाम दाखविली. पूर्वीं जे नुसते जांभळे ठिपके दिसले होते, त्यांपैकीं जवळजवळ प्रत्येकाभोंवतीं आतां तपकिरी कडें उमटलें होतें. रोगाचें नांव ठरलें: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. म्हणजे पेशी परक्या नव्हत्या. त्याच ग्रंथींतल्या, बी जातीच्या होत्या.

या नांवानें काय साधलें? केराटिन उमटलें असतें, तर घसा, थायरॉइड, फुप्फुस असा मूळ स्थानाचा शोध घ्यावा लागला असता. कदाचित् मानेची मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार व निराळीं औषधें असा मार्ग निघाला असता. लिम्फोमांत मोठी शस्त्रक्रिया कामाची नसते. शिरेवाटे देण्याच्या औषधांनींच तो हटवावयाचा असतो, आणि या जातीच्या लिम्फोमाचे निम्म्याहून अधिक रोगी त्या उपचारानें बरे होतात. आणखी एक मौज आहे. त्या औषधांपैकीं एक, रिटुक्सिमॅब, हें स्वतःच सीडी २० ला बिलगणारें प्रतिपिंड आहे. अमेरिकेंत त्यास १९९७ सालीं मान्यता मिळाली, आणि २००७ पासून त्याच धर्तीचें औषध भारतांत बनूं लागलें. ज्या खुणेवरून चोर ओळखला, तीच खूण धरून त्याला पकडावयाचें. खूण नसती, तर हें औषध देणें व्यर्थ होतें. मामांच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशीं 'कॅन्सरचें औषध' सुरू केलें असतें, तर तें कोणतें असतें, हा प्रश्न आम्हीं पुढें मामांनाच विचारला. तेहि विचारांत पडले.

तीन तीन आठवड्यांच्या अंतरानें सहा वेळां उपचार झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, दोनदां तापानें रुग्णालयांत राहावें लागलें. हें सारें सोसून २०१९ च्या उन्हाळ्यांत वहिनी त्यांतून बाहेर पडल्या. पांच वर्षें पुरीं झालीं, तेव्हां डॉक्टरांनीं तपासणी वर्षाकांठीं एकदांवर आणली.

नांव कळलें, कीं रोग बरा झाला, असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या एका स्नेह्यांच्या यकृतांत गांठी निघाल्या. त्यांतील पेशींत टीटीएफ-१ उमटलें, आणि मूळ फुप्फुसांत असल्याचें ठरलें. ते फार दिवस राहिले नाहींत. तरी निष्फळ तपासण्यांची वणवण त्यांची वांचली, आणि उरलेला काळ त्यांनीं घरच्या माणसांत, हिशेब व कागदपत्रें मार्गीं लावून, शांतपणें घालविला. उलट दिशेचीं उदाहरणेंहि आहेत. जठर व आंतडीं यांच्या भिंतींतील कांहीं अर्बुदें पूर्वीं स्नायूंचीं समजत, आणि नेहमींच्या औषधांस तीं दाद देत नसत. १९९८ सालीं जपानी शास्त्रज्ञ हिरोता व सहकारी यांनीं त्यांत किट नांवाच्या प्रथिनाचा बिघाड असल्याचें दाखविलें. तें प्रथिन तपकिरी रंगानें ओळखतां येतें, आणि इमॅटिनिब नांवाच्या गोळीनें अशा पुष्कळ रोग्यांचें आयुष्य वर्षानुवर्षें वाढलें. स्तनांच्या कर्करोगांत तर ही परीक्षा आतां नित्याचीच झाली आहे. इस्ट्रोजेनचे ग्राहक उमटले, तर संप्रेरकांस अटकाव करणाऱ्या गोळ्या. हर-२ ठळकपणें उमटलें, तर ट्रास्टुझुमॅब, ज्यास अमेरिकेंत १९९८ सालीं मान्यता मिळाली. दोन भगिनींना एकाच नांवाचा रोग असूनहि एकीला गोळ्या व दुसरीला इंजेक्शनें कां, याचें उत्तर बहुधा या कांचांवर असतें. शेजारणीचें औषध पाहून आपलें औषध तोलूं नये.

गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून हें पुरें करतों. काढलेला तुकडा तपासणीस जातांना फॉर्मलीनमध्यें आहे ना, पाण्यांत नाहीं ना, एवढें विचारण्यास संकोच करूं नये. पाण्यांत तो बिघडतो. मेणाचा ब्लॉक ही मौल्यवान वस्तु आहे. दुसऱ्या शहरांत सल्ला घ्यावयाचा झाल्यास नुसता रिपोर्ट पुरत नाहीं. ब्लॉक व कांचा मागून न्याव्या, आणि काम होतांच जपून परत ठेवाव्या, कारण वर्षांनंतरहि त्याच ब्लॉकवर नवी परीक्षा करतां येते. डॉक्टरांनीं आणखी रंग करावयास सांगितले, तर तो खर्च वाढविण्याचा डाव आहे असें लगेच मानूं नये. कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे, तें शांतपणें विचारावें. श्वास अडत असेल, रक्तस्राव होत असेल, तर थांबावयाचें नसतें, तें डॉक्टरच सांगतात. परंतु तसें कांहीं नसतांना आठ दिवस चौकशींत गेले, तर ते वायां गेले असें नव्हे.

आणि ती चौकशी ज्याच्या शरीराची चालली आहे, त्याच्यापासून ती लपवूं नये. प्रयोगशाळेंतील अनोळखी माणसांस जें नांव कळतें, तें घरच्या माणसानें ऐकूं नये, यांत माया असली तरी न्याय नाहीं. कोणी म्हणेल, मला नको सांगूं. त्याच्या इच्छेचाहि मान ठेवावा. पण आधीं विचारावें तरी. वहिनींनीं आपल्या औषधपाण्याचे सारे कागद एका कापडी पिशवींत घालून ठेविले आहेत, आणि वरच्या पुठ्ठ्यावर रोगाचें संपूर्ण नांव स्वतःच्या सुवाच्य अक्षरांत मराठींत लिहिलें आहे. नव्या डॉक्टरांकडे जातांना ती पिशवी त्या स्वतः घेतात. दादा मागें छत्री घेऊन चालतात.